कलावंत, शाळा आणि बहुभाषिक वर्ग : बेंगळुरूच्या संदर्भात सर्जनशील शिक्षण-प्रकल्पांचा तौलनिक विचार

१. प्रास्ताविक

बेंगळुरूच्या आग्नेय भागातील एचएसआर लेआउट या वसाहतीचे नाव ‘होसूर–सर्जापूर रोड’ या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले आहे. बेंगळुरू विकास प्राधिकरणाने आखलेली आणि सेक्टरांत विभागलेली ही वसाहत अगर, हरळुकुंटे, परंगीपाळ्य, सोमसुंदरपाळ्य यांसारख्या जुन्या गावांच्या शिवारात वाढली. गावे नकाशावरून पुसली गेली, तरी अगरचा तलाव राहिला, ग्रामदेवता राहिल्या आणि गल्ल्यांची जुनी नावेही लोकांच्या बोलण्यात टिकली. माहिती-तंत्रज्ञानाच्या उद्योगाने आणलेला नोकरदार वर्ग आणि त्याच्या इमारती बांधणारा, त्याच्या घरी राबणारा स्थलांतरित मजूरवर्ग हे दोन्ही येथे अगदी शेजारी राहतात. त्यांची मुले मात्र सहसा एका शाळेत जात नाहीत, आणि एका भाषेत शिकत नाहीत.

ही वसाहत ज्या विधानसभा मतदारसंघात येते त्याचे नाव बोम्मनहळ्ळी. कन्नड वाचकाला या नावासरशी कुवेंपूंची ‘बोम्मनहळ्ळीय किंदरिजोगी’ ही बालकविता आठवते. कवितेतील बोम्मनहळ्ळी तुंगेच्या तीरावरची आहे. बेंगळुरूच्या बोम्मनहळ्ळीशी तिचा संबंध केवळ नामसादृश्याचा आहे. तथापि हे नामसादृश्य प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते. एक कलावंत गावात येतो, गाव त्याच्याशी करार करते, तो आपल्या वाद्याने गावाचे काम करून देतो, गाव करार मोडते आणि मग मुले त्याच्यामागे निघून जातात, अशी ही कथा आहे. कलावंत, संस्था आणि मुले या तिघांच्या नात्याची एवढी नेमकी मांडणी जागतिक बालसाहित्यात क्वचितच आढळेल.

कलावंत आणि शाळा यांनी एकत्र येऊन राबविलेल्या सर्जनशील शिक्षणाच्या प्रकल्पांकडे आजवर प्रामुख्याने शिक्षणशास्त्राने लक्ष दिले आहे. ‘मुलांची गळती कमी झाली काय’, ‘गुण वाढले काय’, ‘आत्मविश्वास आला काय’ असे प्रश्न त्या शास्त्राने विचारले. ते आवश्यक आहेत. परंतु या प्रकल्पांतून कथा सांगितल्या जातात, नाटके रचली जातात, गाणी जुळविली जातात, एका भाषेतील कृती दुसऱ्या भाषेत आणली जाते. अर्थात तेथे वाङ्मयीन व्यवहार घडतो. या व्यवहाराचे स्वरूप काय, त्यातून निर्माण होणाऱ्या संहितेचा कर्ता कोण, आणि अनेक मातृभाषांच्या वर्गात ती संहिता कोणत्या भाषेत उभी राहते, हे प्रश्न तौलनिक साहित्याभ्यासाचे आहेत. प्रस्तुत लेखात बेंगळुरू हे केंद्र मानून, महाराष्ट्रातील समांतर प्रयत्नांच्या संदर्भात त्यांचा विचार करावयाचा आहे.

२. सहकार्याची तीन रूपे

कलावंत आणि शाळा यांच्या संबंधांचा गेल्या शतकातील इतिहास पाहिला असता त्याची तीन रूपे स्थूलमानाने वेगळी करता येतात. पहिले निवासी कलावंताचे, दुसरे फिरत्या नाट्यसंस्थेचे आणि तिसरे भागीदारीच्या प्रकल्पाचे.

पहिल्या रूपाचा आदर्श शांतिनिकेतनाने घालून दिला. रवींद्रनाथांनी १९०१ साली तेथे शाळा सुरू केली. १९१९ साली कलाभवन अस्तित्वात आले आणि नंदलाल बोस यांच्यासारखा चित्रकार त्या परिसराचाच एक रहिवासी झाला. तेथे कलावंताला शाळेत ‘बोलवावे’ लागत नव्हते. शाळा आणि कलाव्यवहार यांचा परिसर एकच होता. या परंपरेची शाखा महाराष्ट्रात सेवाग्रामला पोहोचली, ही गोष्ट मराठी अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावयास हवी. १९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेतून नई तालीमची कल्पना पुढे आली. शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार आणि कुंभकार देवी प्रसाद १९४४ साली सेवाग्रामच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत तेथे राहिले. हस्तोद्योगावर भर देणाऱ्या, उपयुक्ततेला प्रमाण मानणाऱ्या व्यवस्थेत मुलाच्या मुक्त चित्राला स्थान मिळवून देण्याचे काम त्यांनी केले. चरखा आणि रंगपेटी यांत विरोध नाही, दोहोंच्या मुळाशी हाताने घडविण्याचा आनंदच आहे, ही त्यांच्या विचाराची दिशा होती. हर्बर्ट रीड यांचा कलेतून शिक्षणाचा सिद्धान्त मांडणारा ग्रंथ १९४३चा. म्हणजे सेवाग्रामचा प्रयोग आणि युरोपातील हा विचार जवळजवळ समकालीन ठरतात.

दुसरे रूप फिरत्या नाट्यसंस्थेचे. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने १९६५ साली शाळांसाठी नट-शिक्षकांचे पथक उभारले आणि ‘शिक्षणातील रंगभूमी’ ही संज्ञा रूढ झाली. भारतात राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ साली ‘संस्कार रंग टोळी’ स्थापन केली. मराठीत याआधीच बालरंगभूमीची स्वतंत्र परंपरा सुरू झालेली होती. सुधा करमरकर यांनी १९५९ साली ‘लिटल थिएटर’ची स्थापना केली, रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ हे त्या संस्थेच्या आरंभीच्या काळातील नाटक. मतकरींनी पुढे १९६२ साली ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली. मात्र या रंगभूमीचे मूल मुख्यतः प्रेक्षागृहातील मूल होते. ते पालकांचे बोट धरून नाट्यगृहात येई, राक्षस आणि पऱ्या पाहून आनंदित होई आणि घरी परते. शाळेशी तिचा संबंध संमेलनापुरता किंवा सहलीपुरता राहिला.

या चित्रात बदल घडविला तो पुण्यातील ‘ग्रिप्स’ चळवळीने. बर्लिनमध्ये १९६०च्या दशकात फोल्कर लुडविग यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या आणि १९७२ पासून ‘ग्रिप्स’ या नावाने ओळखल्या गेलेल्या रंगभूमीने परीकथा नाकारली. मुलांच्या रोजच्या जगातील प्रश्न, मोठ्यांची अरेरावी, घरातील ताण, शेजारच्या परकीय कुटुंबाविषयीचे पूर्वग्रह, हे तिचे विषय झाले. मुलांच्या भूमिका मोठे नट करीत. प्रयोगानंतर चर्चा होत असे आणि शिक्षकांसाठी पूरक पुस्तिका तयार केल्या जात. डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने थिएटर अकादमी आणि मॅक्सम्यूलर भवन यांच्या साहाय्याने १९८६ साली ही चळवळ पुण्यात आली आणि श्रीरंग गोडबोले यांच्यासारख्या लेखकाने तिची मराठी संहिता घडविली. ‘छान छोटे वाईट मोठे’ हे शीर्षकच पाहावे. मराठी बालसाहित्यात मोठे शहाणे आणि छोटे शिकाऊ ही वाटणी दीर्घकाळ गृहीत होती. या चार शब्दांनी ती उलटी केली.

तिसरे रूप अलीकडचे. येथे कलावंत मुक्कामाला नसतो आणि प्रयोग करून निघूनही जात नाही. कलावंत आणि शिक्षक मिळून एखादा प्रश्न ठरवितात आणि काही आठवडे किंवा महिने मुलांसह त्यावर काम करतात. इंग्लंडमध्ये केन रॉबिन्सन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९९९च्या अहवालानंतर २००२ साली ‘क्रिएटिव्ह पार्टनरशिप्स’ हा मोठा शासकीय उपक्रम सुरू झाला. शाळा आणि कलावंत यांच्यामध्ये दुवा म्हणून एक ‘सर्जनशील मध्यस्थ’ नेमणे हे त्याचे वैशिष्ट्य. शासकीय निधी थांबल्यामुळे २०११ साली तो संपला. बेंगळुरूतील प्रयत्न या तिसऱ्या रूपात मोडतात. परंतु त्यांची घडण वेगळी आहे.

३. ‘कलि-कलिसु’ : शिक्षकच प्रकल्पकार

‘इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स’ ही संस्था १९९३ साली बेंगळुरूत स्थापन झाली आणि १९९५ पासून ती कलाविषयक संशोधन व निर्मिती यांना अनुदान देऊ लागली. तिच्या कलाशिक्षण कार्यक्रमाला कर्नाटकापुरते ‘कलि-कलिसु’ असे नाव आहे. कन्नडमध्ये ‘कलि’ म्हणजे शीक आणि ‘कलिसु’ म्हणजे शिकव. कन्नडचे प्रयोजक क्रियापद ‘-इसु’ या प्रत्ययाने सिद्ध होते, तर मराठीत ‘शिकणे’पासून ‘शिकविणे’ होते. दोन्ही भाषांत एकाच धातूतून दोन्ही क्रिया निघतात, हे व्याकरणाचे सत्य या कार्यक्रमाने शैक्षणिक भूमिका म्हणून स्वीकारले आहे. शिकणारा आणि शिकविणारा या दोन जाती नसून एकाच क्रियेची ती दोन रूपे आहेत, असे हे नाव सुचविते.

या कार्यक्रमाचा भर सरकारी शाळांवर आहे. कलावंतांप्रमाणेच सरकारी शाळांतील शिक्षकही येथे अनुदानासाठी पात्र मानले जातात. हा तपशील वरवर प्रशासकीय वाटला तरी त्याने सहकार्याचे स्वरूपच बदलते. इंग्लंडच्या नमुन्यात कलावंत बाहेरून येतो, मध्यस्थ त्याला शाळेशी जोडून देतो आणि शिक्षक यजमान असतो. येथे शिक्षक स्वतः प्रकल्पाचा कर्ता होऊ शकतो. परिसरातील कथेकरी, वादक, कुंभार, बाहुलेकार यांना तो शाळेत आणतो किंवा मुलांना त्यांच्याकडे नेतो. पाठ्यपुस्तकातील धडा आणि गावातील ज्ञान यांत सांधा जोडणे हे प्रकल्पाचे प्रयोजन असते.

हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेता येईल. समजा, एचएसआर लेआउटसारख्या भागातील एका सरकारी शाळेत पाचवीच्या परिसर अभ्यासात ‘पाणी’ हा घटक आहे. कलावंत बाहेरून आला तर तो बहुधा पाण्यावर गाणे बसवील किंवा भित्तिचित्र करील. दोन्ही सुंदर होतील आणि वार्षिक समारंभात दाखविली जातील. शिक्षक प्रकल्पकार असेल तर प्रश्न वेगळा होतो. अगरच्या तलावाची पूजा पूर्वी कोण करीत असे, तलावातील मातीच्या मूर्ती कोण घडवी, वर्गातील कोणाचे आजोबा तो उपसण्याच्या कामावर होते, टँकरचे पाणी कोणाच्या घरी येते आणि कोणाच्या नाही, या माहितीतून मुले कथा रचतात आणि बाहुलेकार त्यांना बाहुल्या करावयास शिकवितो. कला येथे धड्याचे अलंकरण राहत नाही. धड्याची सामग्रीच ती पुरविते.

कर्नाटकात अशा कार्याला अनुकूल अशी पूर्वपीठिका होती. के. व्ही. सुब्बण्णा यांनी १९४९ साली हेग्गोडु येथे उभारलेल्या ‘नीनासम्’ने खेड्यातील प्रेक्षकाला जागतिक नाटकाचा वाचक बनविले. प्रेमा कारंत यांनी १९७९ साली बेंगळुरूत ‘बेनक मक्कळ केंद्र’ सुरू केले. बी. व्ही. कारंत यांनी मुलांच्या नाटकाला मोठ्यांच्या नाटकाएवढेच सांगीतिक आणि दृश्य गांभीर्य दिले. शिक्षक प्रकल्पकार होऊ शकतो, तो या रंगभूमीने तयार केलेल्या वातावरणात.

४. संहितेचा प्रवास

तौलनिक अभ्यासकाला या क्षेत्रात सर्वप्रथम जाणवते ती रूपांतरांची साखळी. शाळेत पोहोचणारी कृती बहुधा पूर्वी दुसऱ्या कोणत्या तरी भाषेत जन्मलेली असते आणि वर्गात येईपर्यंत तिने दोन-तीन जन्म घेतलेले असतात.

‘किंदरिजोगी’चेच उदाहरण घ्यावे. हॅमेलिन या जर्मन नगरातील दंतकथा रॉबर्ट ब्राउनिंग यांनी १८४२ साली इंग्रजी कवितेत आणली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कुवेंपूंनी ती कन्नडमध्ये आणताना हॅमेलिनचे बोम्मनहळ्ळी केले, वेझर नदीची तुंगा केली आणि रंगीबेरंगी पोशाखातील बासरीवाल्याच्या जागी किंदरी वाजविणारा जोगी आणला. हा शेवटचा बदल सर्वांत महत्त्वाचा. बासरीवाला हा परका, संशयास्पद कारागीर आहे. जोगी मात्र दारोदार फिरणारा, गावाच्या परिचयाचा विरक्त आहे. युरोपीय कथेतील भीती त्यामुळे सौम्य होते आणि जोग्याला नाकारण्याचे पाप अधिक ठळक होते, कारण भिक्षेकऱ्याला दिलेला शब्द मोडणे हा भारतीय मनाला केवळ करारभंग वाटत नाही. पुढे बी. व्ही. कारंतांनी ही कविता रंगभूमीवर आणली आणि कर्नाटकातील असंख्य शाळांच्या समारंभांत ती मुलांच्या अंगवळणी पडली. जर्मन दंतकथा, इंग्रजी कविता, कन्नड कविता, कन्नड नाटक आणि शाळेतील प्रयोग अशी ही पाच पायऱ्यांची परंपरा आहे. तिच्या शेवटच्या पायरीचा अभ्यास साहित्येतिहासात सहसा होत नाही.

दुसरे उदाहरण रवींद्रनाथांच्या ‘तोताकाहिनी’चे. राजाला एक पक्षी अडाणी वाटतो. त्याच्यासाठी सोन्याचा पिंजरा घडविला जातो, पंडित नेमले जातात, पोथ्यांची पाने त्याच्या चोचीत कोंबली जातात आणि अखेर पक्षी मरतो. ही कथा १९२२च्या ‘लिपिका’ या संग्रहात समाविष्ट आहे. बी. व्ही. कारंतांनी ‘पंजर शाले’ या नावाने तिचे कन्नड बालनाट्य केले. शीर्षकातच पिंजरा आणि शाळा एकत्र आले. एक शाळा चालविणाऱ्या कवीने शाळेवर केलेली ही टीका दुसऱ्या भाषेत जाऊन शाळेतील मुलांच्याच तोंडी येते, तेव्हा संहितेचा रोख बदलतो. मूळ कथेचा वाचक प्रौढ आहे आणि तो पक्ष्याची कीव करतो. नाटकातील मूल स्वतः पक्षी होते, पंडितही होते आणि पंडिताची नक्कल करताना त्याला आपल्या शिक्षकाचा आवाज सापडतो. व्यवस्थेवरील उपरोध अशा रीतीने व्यवस्थेच्या अंगणातच खेळला जातो.

‘ग्रिप्स’चे मराठी रूपांतर याहून वेगळ्या जातीचे आहे. कुवेंपू आणि कारंत यांनी मूळ कथेचे भारतीय लोकपरंपरेशी नाते जोडले. पुण्यातील लेखकांनी ती शहरी मध्यमवर्गाच्या वर्तमानाशी जोडली. पहिल्या पद्धतीत परका आशय परिचित आकृतिबंधात येतो आणि दुसरीत परका आकृतिबंध परिचित आशय घेऊन उभा राहतो. दोन्हींचे लाभ आहेत आणि मर्यादाही आहेत. लोकपरंपरेचा आधार घेणाऱ्या कृतीत सर्व थरांतील मुले सहज सामील होतात, परंतु आजच्या प्रश्नाला ती कथेच्या अंतरावर ठेवते. वर्तमानाला थेट भिडणारी कृती प्रश्नाचे नाव घेते, परंतु ज्याच्या घरात त्या प्रकारचा दिवाणखाना नाही अशा मुलाला ती बाहेर ठेवू शकते.

शाळेतील प्रकल्पाने या दोन पद्धतींपलीकडची एक शक्यता निर्माण केली आहे. तेथे रूपांतरकार एकटा लेखक नसतो. मुले मूळ कथा ऐकतात, तिच्यातील काही टाकून देतात, आपले काही घालतात आणि प्रयोगाच्या दिवसापर्यंत संहिता बदलत राहते. महाराष्ट्रात याचे लक्षणीय उदाहरण म्हणजे रत्नाकर मतकरी यांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात ठाण्यातील वस्त्यांमधील मुलांसह केलेले ‘वंचितांच्या रंगमंचा’चे काम. ज्या लेखकाने मुलांसाठी नाटके लिहिण्यात अर्धशतक घालविले, तोच पुढे मुलांनी आपल्या जगण्यावर स्वतः नाटके रचावीत यासाठी मार्गदर्शक झाला. लेखकाचा हा प्रवास ‘मुलांसाठी’कडून ‘मुलांचे’कडे गेला, आणि मराठी बालरंगभूमीच्या इतिहासातील ते एक महत्त्वाचे वळण मानावयास हवे.

५. वर्गाची भाषा आणि रंगमंचाची भाषा

बेंगळुरूच्या संदर्भात खरा पेच भाषेचा आहे. २०११च्या जनगणनेत बेंगळुरू नागरी जिल्ह्यात कन्नड मातृभाषा नोंदविणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी होते. तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी यांचे मोठे समूह होते आणि मराठीचाही लहानसा परंतु जुना समूह होता. शाळेचे माध्यम हा येथे न्यायालयापर्यंत गेलेला विषय आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सक्ती राज्य खासगी शाळांवर करू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. त्यानंतर कर्नाटकाने २०१५ साली कन्नड ही भाषा म्हणून शिकविण्यासंबंधीचा कायदा केला. परिणामी सुस्थित घरातील मूल इंग्रजी माध्यमात शिकते आणि कन्नड एक विषय म्हणून घेते. बांधकामावरील मजुराचे तेलुगू किंवा उर्दू बोलणारे मूल कन्नड माध्यमाच्या सरकारी शाळेत बसते. एकाच्या दृष्टीने कन्नड हा परीक्षेचा विषय असतो, तर दुसऱ्याला ती जगण्याची अट असते. दोघांचीही घरची भाषा वर्गाबाहेर राहते.

नाटकाला या बाबतीत पाठ्यपुस्तकाला नसलेली एक मुभा आहे. पाठ्यपुस्तकाला एकच भाषा असावी लागते. नाटकात भाषा पात्राची असते. टँकरवाला तमिळ बोलू शकतो, आजी उर्दू बोलू शकते, सूत्रधार कन्नडमध्ये कथा पुढे नेऊ शकतो, आणि कोणाचीही भाषा ‘चूक’ ठरत नाही, कारण ती त्या त्या पात्राची ओळख असते. संस्कृत नाटकातील पात्रपरत्वे भाषाभेदाचा संकेत अभ्यासकांना परिचित आहे. तेथे तो सामाजिक उतरंडीचे चिन्ह होता. बहुभाषिक वर्गात तोच संकेत समावेशाचे साधन होऊ शकतो.

हा व्यवहार या भूमीला नवा नाही. शहाजीराजांना बेंगळुरूची जहागीर १६३८च्या सुमारास मिळाली. त्यांच्या येथील दरबारात जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला, वि. का. राजवाडे यांनी तो विस्तृत प्रस्तावनेसह संपादिला, हे मराठीच्या अभ्यासकांस ज्ञातच आहे. संस्कृत चंपूच्या पोटात अनेक देशभाषांतील रचना सामावून घेणारी ही कृती बेंगळुरूच्या बहुभाषिकतेची पहिली ठळक वाङ्मयीन साक्ष म्हणावी लागेल. पुढे तंजावरला शहाजीराजांचा नातू शाहजी (राज्यकाल १६८४–१७१२) याने ‘पंचभाषाविलास’ हे नाटक रचले, आणि त्यात भाषांची अनेकता हाच रचनेचा कणा झाला. मराठी रंगभूमीचा आरंभही असाच सीमेवरचा आहे. कर्नाटकातून सांगलीस आलेल्या भागवत मंडळीच्या खेळानंतर विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केले. एका भाषेतील प्रयोग पाहून दुसऱ्या भाषेत नाटक जन्मास येणे ही या प्रदेशाची जुनी रीत आहे.

या इतिहासाचे स्मरण अभिमानासाठी करावयाचे नाही. त्यातून निघणारा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. दरबारातील बहुभाषिकता विद्वत्तेचे प्रदर्शन होती; कवी अनेक भाषा जाणत असे म्हणून त्या कृतीत येत. वर्गातील बहुभाषिकता ही गरजेतून आलेली आहे. तेथे एकटा कोणीही सर्व भाषा जाणत नाही. म्हणून तिची संहिता एकट्याने लिहिता येत नाही. ती सामुदायिकच असावी लागते. सर्जनशील प्रकल्पातील सहकर्तृत्व हे म्हणूनच केवळ शैक्षणिक सद्भावनेचे फळ नव्हे, तर या भाषिक परिस्थितीची ती वाङ्मयीन अपरिहार्यता आहे.

महाराष्ट्राशी तुलना केल्यास भेद लगेच दिसतो. मुंबई महानगरपालिकेने मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांच्या शाळा चालविल्या. प्रत्येक भाषेला तिची शाळा मिळाली, ही मोठीच गोष्ट होय. परंतु त्यामुळे भाषा एकमेकींच्या शेजारी राहिल्या, एका वर्गात फारशा आल्या नाहीत. मराठी बालनाट्यही बव्हंशी प्रमाण मराठीत लिहिले गेले. वस्तीतील मुलांनी स्वतः रचलेल्या नाटकांत बोली आणि इतर भाषा शिरतात, तेव्हा मराठी रंगभूमीला तिच्या भाषेचा नवा हिशेब मांडावा लागतो.

६. कराराचा प्रश्न

आता ‘किंदरिजोगी’च्या मूळ पेचाकडे वळावयास हवे. कलावंताला शाळेने काय द्यावयाचे आणि कलावंताने मागे काय ठेवावयाचे?

कायद्याच्या पातळीवर कलेची गरज मान्य झालेली आहे. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कला हा शालेय शिक्षणाचा आवश्यक भाग मानला. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या ज्या शाळेत शंभराहून अधिक मुले आहेत तेथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्थानिक कलावंतांना ‘निपुण निदेशक’ म्हणून बोलाविण्याची आणि शाळा किंवा शाळासंकुलात निवासी कलावंत असावा अशी अपेक्षा व्यक्त केली. म्हणजे शांतिनिकेतनाचे निवासी रूप, फिरत्या पथकाचे रूप आणि प्रकल्पाचे रूप ही तिन्ही आता धोरणाच्या भाषेत एकत्र आली आहेत.

तथापि ‘अंशकालीन’ या शब्दात सारा पेच दडलेला आहे. भाषा आणि गणित यांचा शिक्षक पूर्णवेळ असतो. कलेचा मात्र काही तासांपुरता बोलाविला जातो. ब्राउनिंगच्या नगरपालिकेने उंदीर नाहीसे झाल्यावर बासरीवाल्याचे मानधन कमी केले. आजच्या व्यवस्थेत ते आरंभीच कमी ठरविलेले असते. प्रकल्पांना मिळणारे अनुदान मुदतीचे असते. इंग्लंडमधील उपक्रम शासनाच्या निर्णयासरशी थांबला, यावरून मोठा निधीही स्थैर्याची हमी देत नाही हे उघड आहे.

येथे कथा आणि वास्तव यांत एक विपर्यास आढळतो. कथेत कलावंताबरोबर मुले जातात आणि गाव रिकामे होते. शाळेत मुदत संपताच कलावंत एकटा जातो आणि मुले मागे राहतात. जी मुले काही महिने आपल्या भाषेत बोलली, ज्यांनी शिक्षकाची नक्कल त्याच्यासमोर करून दाखविली, ती पुन्हा बाकांवर बसून फळ्यावरचे उतरवून घेऊ लागतात. हा परतीचा क्षण प्रकल्पांच्या अहवालांत क्वचितच येतो. खरे तर यशाची कसोटी तेथेच आहे. शिक्षक स्वतः प्रकल्पकार असावा या ‘कलि-कलिसु’च्या भूमिकेचे महत्त्व या ठिकाणी पूर्णपणे उमगते. कलावंत गेला तरी शिक्षक उरतो, आणि त्याने स्वतः काही घडविले असेल तर त्याच्या दैनंदिन अध्यापनात त्याचा अंश उरण्याची शक्यता असते. जोगी निघून गेल्यावर किंदरी कोणाच्या हाती राहते, असा हा प्रश्न आहे.

याला दुसरी बाजूही आहे. शिक्षकावर सर्व भिस्त ठेवल्यास कलावंताचे वेगळेपण पुसले जाण्याचा धोका संभवतो. कलावंत शाळेत उपयुक्त ठरतो तो शाळेसारखा नसतो म्हणून. घंटेच्या आणि गुणांच्या शिस्तीबाहेरचा काळ तो आपल्याबरोबर आणतो. त्याला घटक-नियोजन आणि अध्ययन-निष्पत्ती यांच्या तक्त्यात बसविले की त्याच्या येण्याचे प्रयोजनच उणावते. देवी प्रसाद सेवाग्रामला अठरा वर्षे राहिले, आणि तरीही चित्रकारच राहिले. दीर्घ सहवास आणि स्वधर्म ही दोन्ही टिकविणे शक्य आहे, एवढे या उदाहरणावरून म्हणता येते. मात्र त्यासाठी काही महिन्यांची मुदत पुरत नाही.

७. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, कलावंत आणि शाळा यांच्या सहकार्यातून निर्माण होणाऱ्या कथा आणि नाटके ही रूपांतराच्या दीर्घ परंपरेची शेवटची, परंतु तितकीच सर्जनशील पायरी आहेत. हॅमेलिनपासून बोम्मनहळ्ळीपर्यंत आणि बर्लिनपासून पुण्यापर्यंतचा प्रवास शाळेच्या अंगणापर्यंत मोजला नाही तर तो अपुरा मोजला जातो. दुसरी अशी की, बहुभाषिक वर्गात सहकर्तृत्व ही निवडीची बाब राहत नाही. तेथील संहिता अनेक मुखांतूनच येऊ शकते, आणि म्हणून ‘एक भाषा, एक लेखक, एक कृती’ या गृहीतावर उभे असलेले साहित्येतिहासाचे चौकटबंद लेखन तिला पुरेसे पडत नाही. तिसरी अशी की, या साहित्याचे भवितव्य वाङ्मयीन गुणांइतकेच कराराच्या स्वरूपावर, म्हणजे वेळ, मानधन आणि शिक्षकाचे स्थान यांवर अवलंबून आहे.

अभ्यासकांपुढील काम त्यामुळे स्पष्ट होते. प्रकल्पांच्या टिपणवह्या, बदलत गेलेल्या संहितांचे खर्डे, मुलांची चित्रे, तालमींची ध्वनिमुद्रणे ही सामग्री आज अनुदान देणाऱ्या संस्थांच्या अभिलेखागारांत आणि शाळांच्या कपाटांत विखुरलेली आहे. अहवाल पूर्ण झाला की तिचे काम संपले असे मानले जाते, आणि शाळेची इमारत बदलली की ती रद्दीत जाते. दरबारी चंपूची पोथी शतके टिकली, कारण कोणीतरी तिला वाङ्मय मानले. वर्गात रचलेल्या पाचभाषी नाटकाचा खर्डा टिकावयाचा असेल, तर त्यालाही आधी कोणीतरी वाङ्मय मानावे लागेल.